सॅम्युअल बोर्न याचीं हिमालयचित्रें : एका साधनाची चिकित्सा

इतिहासाच्या साधनांचा विचार करतांना आपली दृष्टि बहुधा लेखी कागदाकडे जाते. जुन्या वाड्यांतील माळ्यावरचे रुमाल सोडावे, त्यांतील पत्रांची मिति, हस्ताक्षर, शिक्का व मोर्तब तपासावें आणि अस्सल कोणतें व नक्कल कोणती हें ठरवावें, ही पद्धति आपल्याकडे आतां चांगली रुळली आहे. परंतु त्याच रुमालांच्या शेजारीं पुष्कळदां जाड पुठ्ठ्याचें एखादें पुस्तक पडलेलें असतें. त्यांत डोंगरांचीं, घाटांचीं व देवळांचीं पिवळट झालेलीं छायाचित्रें चिकटविलेलीं असतात. आणि संग्राहक तीं क्षणभर पाहून बाजूस ठेवितो. चित्राला मायना नसतो, मिति नसते, सबब तें पुराव्याच्या कोटींत येत नाहीं, असा एक समज आहे. याच्या उलट, छायाचित्र हें यंत्रानें उतरलेलें सत्य असल्यामुळें त्यास चिकित्सेची गरजच नाहीं, असाहि एक समज आहे. हे दोन्ही समज सारखेच चुकीचे आहेत. छायाचित्र हा कागदच आहे, व कागदाला लागणाऱ्या सर्व कसोट्या त्यालाहि लागतात, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं आम्ही सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराची निवड केली, तिचें कारण असें कीं, त्याच्या बाबतींत चित्रें व चित्रकाराचीं स्वतःचीं पत्रें अशीं दोन्ही साधनें उपलब्ध आहेत. एकाच इसमानें एकाच प्रवासाचे दोन निराळे दाखले मागें ठेविले असतां ते एकमेकांशीं ताडून पाहण्याची संधि संशोधकास क्वचितच मिळते.

बोर्न याचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजीं इंग्लंडांतील मकलस्टन या खेड्याकडे एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. पुढें तो नॉटिंगहॅम शहरीं एका पेढींत कारकून म्हणून लागला व फावल्या वेळांत छायाचित्रें काढूं लागला. इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशांत हिंडून त्यानें देखाव्यांचीं चित्रें घेतलीं, आणि इ. स. १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत त्याचीं कामें मांडण्यांत आलीं. त्याच सुमारास नोकरी सोडून तो हिंदुस्थानाकडे निघाला व १८६३ च्या आरंभीं कलकत्त्यास उतरला. तेथें विल्यम हॉवर्ड या छायाचित्रकाराशीं त्याची भागी जमली व सिमल्यास दुकान निघालें. लवकरच चार्लस शेफर्ड त्यांस मिळाला. हॉवर्ड निघून गेल्यावर ‘बोर्न अँड शेफर्ड’ हें जें नांव राहिलें, तें पुढें दीडशें वर्षें टिकलें.

बोर्न हा या देशांतील पहिला छायाचित्रकार नव्हे. मुंबईस छायाचित्रकारांची सभा १८५४ सालींच स्थापन झाली होती, व तिच्या आरंभींच्या सभासदांत आपले डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी हे होते. दक्षिणेंत कॅप्टन लिनियस ट्राइप यानें मदुरा व तंजावर येथील देवळांचीं अप्रतिम चित्रें १८५८ च्या सुमारास काढिलीं. परंतु ट्राइपचें काम सरकारी हुकुमाचें होतें. इमारतींची नोंद व्हावी हा त्याचा उद्देश. बोर्नचें काम विक्रीचें होतें. सिमल्यास येणारे साहेब व त्यांच्या मडमा यांनीं विकत घेऊन विलायतेस पाठवावीं अशा बेतानें त्याचीं चित्रें तयार होत. कागद कोणी कोणासाठीं लिहिला, हा प्रश्न आपण प्रत्येक बखरीस विचारतों. तोच येथें विचारला पाहिजे, कारण पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्यांत आहे.

दुसरा प्रश्न साहित्याचा. कागद हातीं घेतांच तो जुन्नरी कीं दौलताबादी हें जाणता संग्राहक पाहतो. तसें या चित्रांचेंहि आहे. बोर्नच्या काळीं कांचेच्या तावदानावर कलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतून, तें रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवून, ओलें असतांनाच यंत्रांत घालावें लागे; आणि तें वाळण्यापूर्वीं, म्हणजे दहापंधरा मिनिटांच्या आंत, अंधाऱ्या तंबूंत नेऊन त्यावरील प्रतिमा उमटवावी लागे. म्हणजे जेथें चित्र घ्यावयाचें तेथें तंबू, औषधें, पाणी व कांचा हें सारें बरोबर नेणें भाग होतें. कांचेवर निगेटिव्ह म्हणजे उलटी प्रतिमा तयार होई. ती अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर उन्हांत ठेविली कीं सुलटें चित्र मिळे. चित्र मोठें करण्याची सोय नव्हती. जेवढी कांच तेवढेंच चित्र. बोर्न बहुधा १२ इंच लांब व १० इंच रुंद अशा कांचा वापरी. त्या कांचा शेंकड्यांनीं घेऊन त्यानें हिमालय चढला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या श्रमाची कल्पना येते.

या पद्धतीचे दोन परिणाम चित्रांत कायमचे राहिले आहेत. कलोडियनवर निळ्या रंगाचा प्रकाश फार लौकर उमटतो, म्हणून आकाश बहुधा कोरें पांढरें येई व ढग नाहींसे होत. ज्या चित्रांत ढग स्पष्ट दिसतात, तेथें ते दुसऱ्या कांचेवरून मागाहून छापले असण्याचा संशय धरावा. दुसरें असें कीं, कांचेवर प्रकाश कांहीं सेकंद पडूं द्यावा लागे. तेवढ्या वेळांत हलणारी वस्तु पुसट होई किंवा मुळींच उमटत नसे. धांवतें पाणी धुक्यासारखें दिसतें व गजबजलेली वाट ओस दिसते, ती याचमुळें. तेव्हां चित्रांतील निर्जनपणावरून ती जागा त्या वेळीं निर्जन होती असें अनुमान काढूं नये. आपण या चित्रांस काळींपांढरीं म्हणतों, परंतु मूळचा रंग जांभळट तपकिरी असतो व उजेडानें तो पिवळा पडतो. ज्या प्रतींत शुद्ध काळा व पांढरा रंग दिसतो, ती बहुधा नंतरच्या काळांत निराळ्या कागदावर काढलेली असते.

आतां प्रवासांकडे वळूं. बोर्ननें हिमालयांत तीन मोठ्या सफरी केल्या. पहिल्या सफरीस तो २९ जुलै १८६३ रोजीं सिमल्याहून निघाला, सतलजच्या खोऱ्यांतून चिनीवरून स्पितीच्या सरहद्दीपर्यंत गेला, व १२ ऑक्टोबर रोजीं १४७ निगेटिव्ह घेऊन परतला. दुसरी सफर काश्मीरची. १७ मार्च १८६४ रोजीं लाहोराहून निघून कांगडा, बैजनाथ, धर्मशाळा, डलहौसी व चंबा या मार्गानें तो काश्मिरांत उतरला, आणि दिल्ली व कानपूर करीत त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या दिवशीं लखनौस पोंचला. श्रीनगरची दुतर्फा उंच पॉप्लर वृक्षांनीं वेढलेली वाट, हें त्याचें फार नांवाजलेलें चित्र याच सफरींतलें. तिसरी सफर सर्वांत कठीण. ३ जुलै १८६६ रोजीं डॉ. प्लेफेअर यांच्या सोबतीनें तो निघाला; कुलू, लाहौल व स्पिती ओलांडून मणिरंग खिंडीवर चढला; पुढें गंगोत्रीची हिमनदी गांठून तिच्या मुखाचीं चित्रें घेतलीं. मणिरंग खिंडीची उंची तो १८,६०० फूट देतो. तेथें घेतलेल्या चित्रांहून अधिक उंचीवरचें छायाचित्र त्यानंतर सुमारें वीस वर्षें कोणीं काढलें नव्हतें.

या सफरींचीं वर्णनें बोर्ननें लंडनच्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकांत १८६३ पासून १८७० पर्यंत क्रमशः लिहिलीं. चित्रें व पत्रें शेजारींशेजारीं ठेविलीं असतां जो फरक दिसतो, तोच आमच्या मतें या विषयाचा गाभा आहे.

चित्रांत काय आहे? देवदारांची रांग, तिच्यापलीकडे दरी, दरीपलीकडे बर्फाची शिखरें. समोर एखादा खडक व खडकावर बसलेला एखादा माणूस, जेणेंकरून पाहणारास उंचीचें माप कळावें. सर्वत्र शांतता आहे. डोंगर जणूं आपण होऊन यंत्रासमोर येऊन उभा राहिला आहे.

पत्रांत काय आहे? पहिल्याच सफरींत सामान वाहण्यास सुमारें ३० हमाल होते व नंतरच्या सफरींत ही संख्या याहून वाढली. हीं माणसें गांवोगांवच्या मुखत्यारांमार्फत मागवावीं लागत. डोंगरी संस्थानांत तेव्हां बेगारीची म्हणजे आपल्याकडील वेठीसारखी चाल होती. साहेबाचें ओझें उचलण्यास नकार देणें सोपें नव्हतें. पिकाच्या दिवसांत घर सोडून, अनवाणी, बर्फांतून कांचेच्या पेट्या नेण्यास लोक नाखूष असत, व संधि मिळतांच ओझीं वाटेंत टाकून निघून जात. अशा एका प्रसंगीं आपण हातीं काठी घेऊन गांवांत शिरलों, लपलेल्या माणसांस हुडकून काढिलें व त्यांच्या पाठीवर काठी चालविली, असें बोर्न स्वतःच लिहितो. त्यास त्याची लाज वाटलेली दिसत नाहीं. वाचकांची करमणूक व्हावी अशाच थाटांत तें लिहिलें आहे. आज आपणांस तो मजकूर कबुलीजबाबासारखा वाचतां येतो.

ज्या माणसांच्या पाठीवरून तें यंत्र खिंडीवर पोंचलें त्यांचीं नांवें चित्रांखालीं नाहींत. चित्रांत ते आले तर माप दाखविण्यापुरते. काश्मिरांतील लोक यंत्रासमोर सहज उभे राहात नाहींत, काठीसारखे ताठ होतात, अशीहि बोर्नची तक्रार आहे. त्या ताठरपणाचें कारण शोधण्याची त्यास गरज वाटली नाहीं. केवळ चित्र पाहणारा संशोधक बोर्नच्या कौशल्याची वाखाणणी करून थांबेल. केवळ पत्रें वाचणारा त्यास उद्दाम साहेब ठरवून मोकळा होईल. दोन्ही ताडून पाहणारास मात्र खरी गोष्ट कळते. ती अशी कीं, हें कौशल्य व हा जुलूम एकाच कामाचे दोन भाग होते, व दुसऱ्यावांचून पहिलें मणिरंगच्या माथ्यावर गेलें नसतें.

पत्रांतून दुसरीहि एक गोष्ट उलगडते. हिमालय चित्राच्या सोयीचा नाहीं, असें बोर्न पहिल्या सफरीनंतर लिहितो. त्याची नजर इंग्लंडच्या सरोवरांवर व टेंकड्यांवर तयार झालेली. एका चौकटींत पाणी, झाड, वळणाची वाट व मागें डोंगर असा मेळ त्यास हवा होता. येथें डोंगरामागें डोंगर, सरोवरें विरळा, व आकार इतका अफाट कीं चौकटींत मावेना. काश्मिरांत त्यास पाणी, झाडें व पूल एकत्र सांपडले, म्हणूनच तेथील चित्रें अधिक रेखीव उतरलीं. अर्थात् बोर्नचा हिमालय हा निवडलेला हिमालय आहे. बखरकार जसा आपल्या धन्यास शोभेल तो प्रसंग विस्तारानें सांगतो व बाकीचा गाळतो, तसेंच हें. परंतु तिसऱ्या सफरींत उघड्या खडकांच्या व बर्फाच्या प्रदेशांत त्याची ही आवड त्यास पुरी पडली नाहीं. मणिरंगच्या चित्रांत ना पाणी, ना झाड; केवळ दगड, बर्फ व आकाश. आमच्या मतें तींच त्याचीं सर्वांत मोठीं चित्रें होत, कारण तेथें डोंगरानें त्यास आपली अट मानावयास लाविली.

चित्रकाराच्या मनांत नसलेला पुरावाहि चित्रांत उतरतो, हें गोमुखाच्या उदाहरणावरून दिसेल. आपल्याकडील यात्रेकरूंनीं गंगोत्रीचें नांव पिढ्यानुपिढ्या घेतलें. परंतु १८६६ सालीं त्या बर्फाच्या गुहेचा आकार कसा होता, हें कोणत्याहि तीर्थवर्णनावरून सांगतां येणार नाहीं. बोर्नच्या चित्रावरून येतें. तेव्हांपासून हिमनदीचें मुख बरेंच मागें सरलें आहे, व बर्फ वितळण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ अशा जुन्या चित्रांस आज मोलाचा दाखला मानितात. सिमल्यांतील गिऱ्हाइकासाठीं काढलेलें चित्र दीडशें वर्षांनीं असें निराळ्याच खटल्यांत साक्षीस उभें राहिलें.

याउलट चित्र काय बोलत नाहीं, याचें उदाहरण कानपूरचें. बोर्न व त्याच्या पेढीनें तेथील स्मारकाच्या विहिरीचीं चित्रें काढून पुष्कळ विकलीं. १८५७ च्या जुलईंत मारल्या गेलेल्या इंग्रज बायकामुलांच्या विहिरीवर दगडी जाळीच्या भिंतींत मारोचेती याने घडविलेला देवदूताचा पुतळा बसविला होता. चित्रांत नीटनेटकी बाग व शांत पुतळा आहे. त्या बागेंत हिंदी माणसास परवान्यावांचून जाण्याची मनाई होती, हें चित्रांत नाहीं; बिठूरचा पेशव्यांचा वाडा इंग्रज फौजेनें जाळला, हेंहि नाहीं. स्वातंत्र्यानंतर पुतळा चर्चच्या आवारांत हलविण्यांत आला व त्या बागेस नानासाहेबांचें नांव मिळालें.

त्याच धामधुमीची दुसरी बाजू ऐकावयाची तर आपणांस वरसईच्या विष्णुभट गोडशांकडे जावें लागतें. दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेलेला व झांशीच्या वेढ्यांत सांपडलेला हा भिक्षुक गंगेची कावड घेऊन घरीं परतला, व पुढें त्यानें जें पाहिलें तें लिहून ठेविलें. त्याचें ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं चिंतामणराव वैद्य यांनीं छापलें तें फेरफार करून; मूळ बाडाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां खरा गोडसेभटजी वाचकांस भेटला. मूळ बाड जपून ठेविलें होतें म्हणूनच हें शक्य झालें. बोर्नच्या बाबतींत दैव इतकें अनुकूल नाहीं, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

बोर्न १८७० च्या अखेरीस हिंदुस्थान सोडून नॉटिंगहॅमला परतला. तेथें त्यानें मेव्हण्यासमवेत सुताचा धंदा काढला, त्यांत संपन्न झाला, जलरंगांचीं चित्रें काढण्याचा नाद केला व २४ एप्रिल १९१२ रोजीं वारला. हिंदुस्थानांतील सात वर्षांत त्यानें दोन हजारांहून अधिक निगेटिव्ह तयार केलीं. त्या कांचा त्यानें बरोबर नेल्या नाहींत; त्या पेढीकडेच राहिल्या, व त्यांवरून पुढें कित्येक वर्षें चित्रें छापून विकलीं गेलीं. पेढीच्या शाखा सिमला, कलकत्ता व मुंबई येथें होत्या. ६ फेब्रुवारी १९९१ रोजीं कलकत्त्याच्या दुकानास आग लागली व पेढीचा जुना संग्रह बहुतेक नष्ट झाला. २०१६ सालीं दुकानहि बंद झालें. म्हणजे ज्यांस आपण नकला समजत होतों, त्या कागदी प्रतीच आतां अस्सलाच्या जागीं आल्या आहेत. त्यांतल्या कांहीं मोठ्या संग्रहालयांत आहेत. परंतु पुष्कळ खाजगी घरांतच असल्या पाहिजेत.

अशी प्रत हातीं आल्यास ती कशी ओळखावी, हें थोडक्यांत सांगतों. बोर्ननें स्वतः काढलेल्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत बहुधा ‘बोर्न’ हें नांव व एक अंक इंग्रजींत कोरलेला दिसतो. तो कांचेवरच कोरलेला असल्यामुळें प्रत्येक प्रतींत उतरतो. हा अंक म्हणजेच त्या चित्राचा शिक्का. पेढीच्या छापील यादींशीं तो ताडला असतां स्थळ कळतें व साधारणपणें सफरहि कळते; मात्र एकट्या अंकावर कालनिर्णय करूं नये. खालीं ‘बोर्न अँड शेफर्ड’ असें नांव असेल तर चित्र बोर्नचेंच असें धरूं नये. तो गेल्यावर कॉलिन मरे व इतरांनीं काढलेलीं चित्रेंहि त्याच नांवानें विकलीं गेलीं. शिवाय प्रत छापल्याचा काळ व चित्र घेतल्याचा काळ हे दोन निराळे असूं शकतात. १८६४ च्या कांचेवरून वीस वर्षांनींहि कागद छापतां येत असे.

शेवटीं संग्राहकांस आमची एक विनंति आहे. असें पुस्तक सांपडल्यास त्यांतील चांगलीं चित्रें कापून चौकटींत बसवूं नयेत व उरलेलीं टाकूं नयेत. चित्रांचा क्रम हा मूळ मालकाच्या प्रवासाचा किंवा आवडीचा दाखला असतो. पुठ्ठ्यावर शाईनें लिहिलेलें गांवाचें नांव, मालकाची सही, दुकानाची चिठ्ठी, यांची नक्कल शब्दशः उतरून घ्यावी. पुस्तक उन्हांत व ओलींत ठेवूं नये. चित्रांतील माणूस कोण हें घरांतील वृद्धांस ठाऊक असल्यास तेंहि विचारून लिहून ठेवावें. कारण बोर्नच्या हमालांचीं नांवें विचारणारा त्या वेळीं कोणी निघाला नाहीं, व तीं आतां कळण्याचा मार्ग उरलेला नाहीं. आपल्या प्रांतांतील जुन्या चित्रांच्या बाबतींत तो मार्ग अजून पुष्कळ ठिकाणीं मोकळा आहे.